गुंगीतल्या कुत्र्यांसाठी हाय-फ्लो ऑक्सिजन : एअरवो २

गुंगीचे इंजेक्शन दिलेला पग एक्स-रेच्या टेबलावर आडवा झाला की त्याचा श्वास घोरल्यासारखा वाजू लागतो, कारण अरुंद नाकपुड्या आणि लांबट मृदू टाळू यांनी मुळातच अडलेली वाट स्नायू सैल पडताच आणखी आवळली जाते. नाकासमोर नुसती नळी धरली तर कुत्रा धापा टाकू लागताच खोलीतली हवा मिसळते आणि त्याला नेमका किती ऑक्सिजन मिळतो आहे हे सांगता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी फिशर अँड पायकेल या न्यूझीलंडच्या कंपनीचे एअरवो २ आम्ही वापरतो. यंत्र माणसांसाठी बनवलेले आहे. कुत्र्यासाठी त्याची मांडणी आपल्यालाच जमवावी लागते.

यंत्र खोलीतली हवा ओढून घेते, तिच्यात ऑक्सिजन मिसळते आणि ते मिश्रण पाण्याच्या डब्यावरून नेऊन ३१, ३४ किंवा ३७ अंश सेल्सिअसला ऊबदार व दमट करून मिनिटाला २ ते ६० लिटर या वेगाने नाकात सोडते. कोरड्या, थंड ऑक्सिजनने नाकाचे अस्तर सुकते आणि कुत्रा डोके झटकतो. तो त्रास इथे पुष्कळ कमी होतो. शिवाय या वेगामुळे घशातली उच्छ्वासाची हवा धुऊन निघते आणि तोंड मिटलेले असेल तर श्वासमार्गात थोडा दाबही टिकतो. दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १ लिटरने सुरुवात करून प्रवाह हळूहळू वाढवावा.

खरी कसोटी कॅन्युला, म्हणजे नाकपुड्यांत बसणारी दोन टोकांची नळी, बसवण्याची असते. तिची टोके नाकपुडीच्या निम्म्याहून जाड नसावीत, नाहीतर हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. पगला म्हणून लहान मुलांची कॅन्युलाच लागते. केसांवर चिकटपट्टी धरत नाही. त्यामुळे लिग्नोकेनने जागा बधिर करून नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका घालणे हाच उपाय मला भरवशाचा वाटतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हे यंत्र कुत्र्याच्या वतीने श्वास घेत नाही. गुंगीच्या औषधांनी श्वास उथळ झाला, तरी भरपूर ऑक्सिजन मिळत असल्याने जिभेवरचा पल्स ऑक्सिमीटर ९९ दाखवत राहतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध दिले असेल तर रक्तवाहिन्या आकुंचन पावून उलट खोटा कमी आकडाही दिसू शकतो. म्हणून एका माणसाने नजर छातीवर ठेवून श्वास मोजावेत, आणि लॅरिंगोस्कोप (घशात पाहायचे दिव्याचे उपकरण) व श्वासनलिकेत घालायची नळी हाताशी तयार असावी. ही तयारी ज्या दवाखान्यात नाही तिथे हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. पोटाकडेही लक्ष हवे, कारण प्रवाह वाढला की कुत्री हवा गिळतात आणि फुगलेले पोट श्वासपटलाला वर रेटते. उपचार न झालेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणे) किंवा नाकाचे फ्रॅक्चर असेल तर या वाटेला जाऊच नये.

ऑक्सिजनचा हिशेब आधी करून ठेवावा. मिनिटाला २० लिटर शुद्ध ऑक्सिजन सोडला तर सुमारे ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर सहा तासांच्या आतच संपतो आणि १,५०० लिटरचा लहान सिलिंडर सव्वा तासात. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून मिनिटाला ५ लिटर देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरवर तोच प्रवाह चालवला तर मिश्रणातला ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपासच राहतो, जो साध्या तपासणीला पुरतो. न्यूमोनियाच्या रुग्णाला बहुधा पुरणार नाही. या मॉडेलला स्वतःची बॅटरी नाही आणि ३७ अंशांपर्यंत तापायला त्याला सुमारे अर्धा तास लागतो, त्यामुळे जिथे वीज जाते तिथे यंत्रासोबतच यूपीएस घ्यावा आणि गुंगीचे इंजेक्शन भरण्यापूर्वीच यंत्र चालू करावे.