‘कथा जानं शे, नाना?’

तीस वर्षं मी पतपेढीत कॅशिअरच्या खिडकीमागे बसलो. नुसत्या बोटांनी नोट ओळखायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणारच आहात.

दिवाळीनंतर आम्ही दोघं दुबईला मुलीकडे महिनाभर राहून परतलो. जाताना बिबडे आणि कळण्याचं पीठ नेलं, येताना खजूर, दूध पावडर आणि नातवाचे लहान झालेले कपडे आणले. चार बॅगा झाल्या. जळगावच्या विमानाची वेळ जुळत नव्हती. म्हणून रात्री मुंबईत उतरायचं, कल्याणला भाच्याकडे झोपायचं आणि सकाळी रेल्वेने अमळनेर गाठायचं, असं ठरलं होतं.

विमान सव्वाअकराला टी-2 टर्मिनलला टेकलं. इमिग्रेशन, मग बॅगांचा पट्टा, मग कस्टमचा हिरवा दरवाजा. बाहेर येईतो साडेबारा वाजून गेले. माझ्या मोबाईलमध्ये दुबईचं सिम होतं. भारतातलं सिम हिने जपून ठेवलं होतं हळदीकुंकवाच्या डबीत, आणि डबी चौथ्या बॅगेच्या तळाशी. त्यामुळे ॲपवरून गाडी मागवायचा प्रश्नच नव्हता. मी हिला म्हटलं, प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जाऊ. ही आपली अहिराणीत माझ्यावर करवादत होती, आधी डबी काढू दिली असती तर, वगैरे.

तेवढ्यात मागून अहिराणीतच आवाज आला, “कथा जानं शे, नाना?” कुठे जायचंय, म्हणून.

पांढरा शर्ट, गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र, चाळिशीचा माणूस. महिनाभर परक्या देशात काढून आल्यावर रात्री साडेबाराला कानावर अहिराणी पडते तेव्हा काय होतं, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. अमळनेर म्हणताच तो म्हणाला, “मंगळग्रह मंदिराच्या मागे माझी मावशी राहते.” हिने लगेच आडनाव विचारलं. त्याने एक सांगितलं आणि आमची ट्रॉली आपल्या हातात घेतली. आता विचार करतो, अमळनेरचं नाव ऐकलेल्या कुणालाही मंगळग्रह मंदिर माहीत असतं. मावशी त्याच्या मागे ठेवायला काय लागतं?

प्रीपेडची खिडकी आता पहाटे चारला उघडणार, असं तो म्हणाला. खिडकी होती पन्नास पावलांवर. मी तिकडे गेलो नाही. ॲपचं भाडं म्हणून त्याने स्वतःच्या मोबाईलवर 2,900चा आकडा दाखवला आणि म्हणाला, “तुमच्याकडून 1,800. सगळं धरून.” लिफ्टने पार्किंगमध्ये नेलं. तिथे ‘पास आणि पार्किंगचे’ म्हणून 500 मागितले, 1,800मधून वजा होतील या बोलीवर. दिले. पावती नाही. गाडी निघाली तेव्हा आपला माणूस बाहेरच उभा राहून हात हलवत होता. चालवणारा दुसराच.

गाडीची नंबर प्लेट पांढरी होती. मी ती पाहिली होती, हे लक्षात घ्या. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते, विजेवरची असेल तर हिरवीवर पिवळी अक्षरं. पांढरी म्हणजे खासगी. गावी लग्नाला सुमो ठरवताना मी हेच बघतो. त्या रात्री बघितलं आणि मनापर्यंत पोचलंच नाही, कारण मन मावशीपाशी होतं.

मुलुंडचा नाका आला. गाडी जराशी हळू झाली, थांबली नाही. पुढे गेल्यावर ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, जाण्या-येण्याचा टोल 200. आम्ही मुंबईला वर्षा-दोन वर्षांतून जाणारी माणसं, मुलुंडला टोल लागतो हे डोक्यात पक्कं. दिले. भाच्याने नंतर सांगितलं की मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024मध्येच माफ झाला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. नाके उभे आहेत, म्हणून हा धंदा चालतो.

खरा खेळ दुर्गाडी पुलाच्या अलीकडे झाला. गाडी अंधारात बाजूला घेतली. 1,800 ठाण्यापर्यंतचे, कल्याण म्हणजे बाहेरगाव, आता 3,200 द्या. मी 500 दिल्याचं सांगितलं. म्हणाला, ते पार्किंगवाल्याचे, मला काय माहीत. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. इंजिन बंद केलं आणि मोबाईल बघत बसला. बॅगा डिकीत, डिकीची किल्ली त्याच्याकडे. हिने माझा दंड धरला होता, तो हात थरथरत होता. 112 लावायचं सुचलं नाही. तो क्रमांक तर त्या दुबईच्या सिमवरूनही लागला असता.

घासाघीस करून 3,000वर आलो. 500च्या सहा नोटा मोजून दिल्या. तो खिडकीकडे वळला, परत फिरला आणि हातातल्या नोटा पसरल्या. पाच 500च्या, एक 100ची. “नानाजी, देखके दो.” मी माफी मागितली. हो, माफी. 100ची परत घेतली आणि आणखी एक 500ची दिली. ही नोट 150 मिलीमीटर लांब असते आणि ती 142, रंग एक करडा तर एक जांभळा. हे मी नव्या पोरांना शिकवलेलं आहे. माझ्या पाकिटात त्या रात्री 100ची नोट नव्हतीच, हे भाच्याच्या घरी चहा पिताना आठवलं.

एकूण 4,100 गेले. भाच्याने कागदावर मांडून दाखवलं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, पुढे किलोमीटरला 20.66, मध्यरात्री ते पहाटे पाच सव्वापट. चाळीसेक किलोमीटरचे मीटरने हजार-अकराशे झाले असते. दिवसा उतरलो असतो तर तेही नको. टी-2जवळच मेट्रो 3चं स्टेशन आहे, एक स्टेशन पुढे मरोळ नाका, तिथून मेट्रो 1ने घाटकोपर आणि मग कल्याण लोकल. चार बॅगा घेऊन ही त्या जिन्यांवरून आली असती का, हा भाग वेगळा.

तक्रार करायची तर गाडीचा नंबर हवा. तो मी लिहून घेतला नव्हता. तुमची पोरं आखातातून, अमेरिकेतून येत असतील तर एवढं कळवा: सिम हाताशी ठेव, खिडकी बंद आहे असं कुणी म्हटलं तर स्वतः जाऊन बघ, आणि डिकीत बॅग जायच्या आधी प्लेटचा फोटो काढून घरी पाठव. गावात मी ही गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. पतपेढीतल्या कट्ट्यावर तर नाहीच.

सकाळी कल्याण स्टेशनवर बाकावर बसलो होतो. शेजारी धोतर-टोपीतले एक म्हातारेबुवा येऊन टेकले, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “कथा जानं शे, भाऊ?”

हिने बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळला. मी हिंदीत म्हणालो, “कहीं नहीं.”

ते बिचारे फलाटावर जळगावची गाडी कुठे लागते तेवढंच विचारणार होते.