कुत्रा चावल्यावर: लस आणि सीरम

गेल्या पावसाळ्यात ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये भाच्याच्या पोटरीला भटका कुत्रा चावला. रक्त आलं. नळाखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुतली आणि दवाखाना गाठला. तिथे रेबीज होऊ नये म्हणून दोन वेगळी इंजेक्शनं सांगितली, लस आणि सीरम, तेव्हा ताई म्हणाली, "लस दिली ना, मग हे दुसरं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. लस अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, देत नाही; त्या बनवायला लावते. दंडात टोचलेला निष्क्रिय विषाणू काखेतल्या लसिकाग्रंथींत पोचतो. तिथे अँटीबॉडी बनवू शकणाऱ्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात, त्या बी पेशी. त्यांपैकी ज्या मोजक्या पेशींचा रिसेप्टर (पेशीवरचा ओळखणारा भाग) त्याला जुळतो, त्याच जाग्या होतात. टी पेशींची (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) मदत मिळाली की त्या भराभर वाढतात. काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात आणि एकेक पेशी सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडते. काही स्मृतिपेशी होऊन मागे राहतात. पण या सगळ्याला 7 ते 14 दिवस जातात.

सीरममध्ये अँटीबॉडी तयारच असतात, दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या बी पेशींनी बनवलेल्या. म्हणून ते थेट जखमेत आणि तिच्या कडेने टोचतात. भाचा कळवळला, बघवत नव्हतं. पण विषाणू मज्जातंतूत शिरायच्या आत तिथेच गाठायचा असतो. काही आठवड्यांत हा साठा संपतो, आठवण मागे ठेवत नाही.

रक्त आलेल्या जखमेला दोन्ही घ्याच. आधी लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर मात्र सीरम लागत नाही, लसीचे दोन डोस पुरतात, कारण स्मृतिपेशी लगेच कामाला लागतात.