इंग्लंडमधल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपायी १,७२,७०० रुपये गेले, नाणी जमवणाऱ्यांनी वाचाच

आधी आकडे सांगतो. ६०,००० नाण्यांचा अॅडव्हान्स, ३८,५०० कस्टम ड्युटी, ७४,२०० पुरातत्त्व क्लिअरन्स. नंतर मनी लाँडरिंग सर्टिफिकेटचे ९६,००० मागितले तेव्हा मी थांबलो. कस्टममध्ये पार्सल अडकलंय सांगून पैसे उकळायचा प्रकार सगळ्यांना माहितीये, मलाही होता, पण मला कुणी फुकटचं गिफ्ट देत नव्हतं, मी नाणी जमवतो आणि पैसे देऊन विकत घेत होतो. समोरचा म्हणे इंग्लंडमधल्या सफोकचा, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारा. सॉलिडस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, त्यावरची टांकसाळीची अक्षरं, सगळं अचूक बोलायचा. त्याच सफोकमध्ये १९९२ ला हॉक्सन गावी शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना रोमन सोन्याचांदीची जवळपास १५,००० नाणी निघाली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लांब कशाला, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडलीच ना. मग मी विश्वास का नसता ठेवला?

डोकं फिरतं ते त्याच्या एका वाक्याने. "लास्ट मंथ सापडली." अरे, तिकडे १९९६ चा ट्रेझर अॅक्ट आहे, असा साठा सापडला की १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे तिकडच्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं, मग चौकशी, मग कुठल्या म्युझियमला हवंय का, मग किंमत ठरवणार, यात महिनेच्या महिने जातात, वर देशाबाहेर पाठवायला एक्सपोर्ट लायसन्स वेगळंच. महिन्याभरात कुरिअर कसं होईल? हे मला माहीत होतं हो, त्याला विचारलंही होतं! तर लगेच शिक्का मारलेलं पत्र आलं, म्युझियमने नको म्हटलं म्हणून परत मिळाली. आणि म्युझियमला नको असेल तर वस्तू परत मिळते हा नियम खरा आहे. माहितगार माणसालाच अडकवायला रचलेलं होतं ते.

कस्टम कुणाच्या पर्सनल सेव्हिंग खात्यात पैसे मागत नाही, कधीच नाही.

पुढचं तर त्याहून संतापजनक. बँक म्हणते एफआयआर आणा, पोलीस ठाण्यात म्हणतात आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा, ते नेलं तर साहेब बंदोबस्ताला, मग म्हणे खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, म्हटलं तर एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "स्वस्तात सोनं पाहिजे होतं का काका?" वयस्कर माणसाशी बोलायची ही रीत? शेवटी साधा अर्ज घेऊन पोच दिली, एवढंच. तोवर पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेले होते. म्हणून सांगतो, ठाण्याच्या चकरा नंतर मारा, आधी त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

नाण्याचे फोटो गुगलवर टाकून आधी कुठे आलेत ते शोधा, माझे एका लिलावाच्या जुन्या कॅटलॉगमधले निघाले. सॉलिडस साधारण साडेचार ग्रॅमचं असतं, काट्यावर ठेवून व्हिडिओ मागा, टाळाटाळ केली की विषय बंद. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, त्र्यंबक रोडने किती लांब आहे ती? पैसे पाठवायच्या आधी जाणकाराला दाखवा.

आणि काल एकाचा फोन, माझ्या तक्रारीची सगळी माहिती त्याच्याकडे, म्हणे रक्कम परत मिळवून देतो, आधी १५,००० प्रोसेसिंग फी भरा. ती टोळीही याच लोकांची असणार. तक्रार केलेल्या कुणालाही असा फोन येऊ शकतो, एक रुपया देऊ नका.