‘रुळायला वेळ लागतो’ म्हणत आजारी गेको आमच्या गळ्यात मारली

लेपर्ड गेको ही हौसेने पाळली जाणारी पाल; तिची तब्येत आधी शेपटीत बघायची. चरबी ती तिथेच साठवते, त्यामुळे धडधाकट पिल्लाची शेपटीसुद्धा चांगली भरलेली असते. आम्हाला विकलेल्या पिल्लाची शेपटी पेन्सिलीसारखी होती. त्यावर विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: अजून लहान आहे, भरेल. या माणसाकडे प्रत्येक शंकेला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर अर्धं खरं होतं. निव्वळ थापा मारल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात पकडला असता.

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. लेकीने गेकोसाठी कधीपासून हट्ट धरला होता. (सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, “अगं, आम्ही पाली झाडूने हाकलतो आणि तुम्ही पैसे मोजून आणताय?”) ऑनलाइन जाहिरातीत 60 पौंडांना दोन महिन्यांचं पिल्लू होतं, ‘घरीच पैदास केलेलं’. फोटोत शेपटी कशी गुबगुबीत! पण घरी येऊन आई-बाप बघू का म्हटलं, तर त्याची टाळाटाळ. पैसे आधी बँकेतून पाठवायचे आणि पिल्लू मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या (गाड्यांच्या थांब्याच्या) पार्किंगमध्ये ताब्यात घ्यायचं, असं ठरलं. डबा मिळाला तोही अंधारात.

घरी उजेडात पाहिलं तर पिल्लाच्या अंगावर आडवे पिवळे-काळे पट्टे होते आणि जाहिरातीतल्या गेकोला ठिपके. विचारलं तर म्हणाला, वाढताना नक्षी बदलते. बदलते, हे खरंच आहे. पण पट्टे तुटून ठिपके होतात, ठिपक्यांचे पुन्हा पट्टे होत नाहीत. मग आधी काढलेल्या फोटोत ठिपके आणि आज पट्टे, हे कसं? तो फोटो इमेज सर्चला टाकला, तर अमेरिकेतल्या एका ब्रीडरच्या (पैदास करणाऱ्याच्या) पानावर जुन्या तारखेने सापडला.

तोवर लेकीने नाव ठेवून झालं होतं, बर्फी. परत द्यायचा विषयच संपला.

बर्फी खाईना. नव्या जागी आलेली गेको काही दिवस खात नाही, हेही खरं. त्याने सांगितलं, दोन आठवडे अजिबात हात लावू नका, रुळायला वेळ लागतो. मग म्हणाला, तुमची हीट मॅट (पेटी गरम ठेवणारी चटई) कमी पडतेय. मी मोजलं तर गरम बाजूची जमीन 32 अंश सेल्सिअस, हवी तितकीच. मग म्हणे कात टाकायच्या बेतात असेल. शेवटी ‘पोट सुधारणारी’ पावडर 15 पौंडांना विकायला निघाला. दरम्यान तिने गिळलेले रातकिडे न पचता बाहेर काढायला सुरुवात केली होती. विष्ठा पातळ आणि उग्र वासाची (एरवी ती तपकिरी, घट्ट आणि टोकाला पांढरा खडा अशी असते). कमरेची हाडं वर आली. किचनच्या डिजिटल काट्यावर वजन दर आठवड्याला उतरत होतं. बुजलेलं पिल्लू उपाशी राहतं, पण खाल्लेलं पुन्हा पुन्हा ओकत नाही. एवढा एक फरक ठाऊक असला तरी त्याचं अर्धं बोलणं निकालात निघतं.

त्याला हा वेळ कशाला हवा होता, ते उशिरा उमगलं. इथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष वस्तू 30 दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात आणि विकत घेतलेला प्राणीही त्यात येतो. मात्र विकणारा व्यावसायिक असावा लागतो. हा स्वतःला ‘हौशी’ म्हणवत होता, पण वेगवेगळ्या नावांच्या जाहिरातींत फोटोंच्या मागे त्याच त्या निळसर फरशा! इंग्लंडमध्ये धंदा म्हणून पाळीव प्राणी विकायला 2018 च्या नियमांनुसार कौन्सिलचं (स्थानिक प्रशासनाचं) लायसन्स लागतं, आणि त्याचा नंबर व देणाऱ्या कौन्सिलचं नाव जाहिरातीत छापावं लागतं. याच्या एकाही जाहिरातीत ते नव्हतं. मी फरशांचं विचारलं आणि त्याने मला ब्लॉक केलं.

सरपटणारे प्राणी तपासणारी व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, शोधली. तिने बर्फीला हातात घेताच शेपटीकडे पाहिलं, विष्ठा आणि स्वॅब पीसीआरला पाठवला. क्रिप्टोस्पोरिडियम निघालं, आतड्यात राहणारा परजीवी. गेकोमध्ये तो मुळापासून काढणारं खात्रीचं औषध नाही. बर्फी इतकी खंगली होती की तिला शांतपणे कायमचं झोपवणं हाच पर्याय उरला. लेकीला ते कसं सांगितलं, ते इथे लिहीत नाही. व्हेटचं बिल गेकोच्या किमतीच्या कितीतरी पट झालं, पण रिपोर्ट हातात असल्यामुळेच कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (विक्रीतली फसवणूक बघणाऱ्या विभागाकडे) तक्रार धड करता आली. पैसे परत आलेले नाहीत. जाहिराती वेबसाइटने काढल्या आहेत, आणि तो नव्या नावाने आला तर मी फरशा ओळखीन.

पिल्लू बघायला जाल तेव्हा ते दिवसाउजेडी बघा, चालवून बघा. निरोगी गेको पोट जमिनीपासून उचलून चालते. पाय थरथरत असतील, जबडा मऊ किंवा वाकडा वाटत असेल तर कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ झालेली असू शकतात; त्यावर वेळीच उपचार होऊ शकतात, पण विकणाऱ्याच्या पावडरने नव्हे. समोर रातकिडा सोडायला सांगा. ‘आत्ताच जेवली’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणा आणि चेहरा बघा.

निळसर फरशांवरच्या फोटोंवरून कुणी गेको घेतली असेल तर ती गुटगुटीत दिसत असली तरी तपासून घ्या. हा परजीवी बाहेरून काही न दिसता अंगात राहतो आणि विष्ठेतून थांबून थांबून पडतो, त्यामुळे एक चाचणी निगेटिव्ह आली तरी व्हेटला विचारून पुन्हा करा. तोवर तिचे चिमटे, पाण्याची वाटी, उरलेले किडे दुसऱ्या गेकोकडे नेऊ नका. घरातल्या नेहमीच्या ब्लीचने तो मरत नाही. आम्ही लाकडी सामान सगळं फेकून दिलं, आणि काचेची पेटी कुणी फुकट मागितली तरी दिली नाही.