कॉन्टेक्स्टची विकी: आठ महिने वापरल्यावर

परवा रात्री कॉन्टेक्स्टमध्ये (कोड लिहून पानं जुळवायची संगणक-प्रणाली) पुस्तकाची पानं लावताना ‘स्थिती’तली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली आणि ‘कार्य’चा रफार सुटला. कॉन्टेक्स्टच्या विकीवरचा, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या मदतीच्या पानांवरचा, कोडचा नमुना मी जसाच्या तसा चिकटवला होता. तासन्‌तास डोकेफोड केल्यावर कळलं, नमुना एमके-टूचा, म्हणजे कॉन्टेक्स्टच्या जुन्या आवृत्तीचा, झीटेक या इंजिनवर चालणारा. मी वापरते एलएमटीएक्स, म्हणजे नवी आवृत्ती. झीटेकमध्ये जोडाक्षरं जुळवायचं काम इंजिनच करायचं. एलएमटीएक्समध्ये ते लुआ या भाषेतल्या कोडकडे आहे, आणि फॉन्टला ‘देवनागरी-टू’ हे फीचर द्यावं लागतं. ती एक ओळ घातली आणि सगळी वेलांट्यांची रांग जागेवर आली.

माझी तक्रार एकच आहे आणि मी ती सोडणार नाही: प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर आवृत्ती लिहा! एमके-टूत रंग हवे असतील तर ‘सेटअपकलर्स’ लिहून ते चालू करावे लागत, आता ते आपोआप चालू असतात. जुन्या फाइलींत ‘इनेबलरेजीम’ (मजकूर कोणत्या अक्षरसंकेतात आहे ते सांगणारी आज्ञा) दिसतं, आता यूटीएफ-8 हा युनिकोडचा संकेत गृहीतच धरलेला आहे. जुन्या माणसाला हे नजरेनं कळतं. नवा माणूस मात्र रात्र घालवतो.

हे सगळं रागात लिहायला बसले होते. मग त्याच पानाचा ‘इतिहास’ उघडला. ते पान लिहिलं गेलं तेव्हा त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. कुणीतरी स्वतःचा वेळ घालून लिहिलेलं, आणि नंतर आमच्यासारखे शेकडो जण वाचून, काम उरकून निघून गेलेले. मीही आठ महिने तेच केलं. एक पैसा न देता.

आणि एक गोष्ट मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही. इथे कोड लिहिला की विकी स्वतःच कॉन्टेक्स्ट चालवते आणि त्याच पानावर निकाल दाखवते. ‘टॅब्युलेट’ या तक्ते करायच्या सोयीतले रकाने मी मॅन्युअल वाचून नाही, तिथे कोड आणि तक्ता शेजारी बघून शिकले.

काल खातं उघडून नमुन्यावर ‘फक्त एमके-टू’ लिहिलं, खाली नवा नमुना दिला. सकाळी पाहिलं तर माझा राहिलेला चौकटी कंस कुणीतरी भरून ठेवला होता. आज तळटिपांचं पान घेतलंय.