मातीला पोहोचावे की दहाव्याला? परदेशातून आजीच्या अंत्यकार्यासाठी निघताना

हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सातारा जिल्ह्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि गावाकडून मरणाची बातमी सांगणारे फोन बहुधा याच सुमारास येतात. आजी गेल्याचे कळल्यावर नातवापुढे दोन मार्ग असतात. एक, मिळेल त्या विमानाने निघून मातीला किंवा निदान सावडायला पोहोचण्याची धडपड करणे. दुसरा, आठवडाभर थांबून दहावा ते तेरावा हे दिवस गाठणे. मी आईच्या आईच्या वेळी पहिला मार्ग धरला आणि वडिलांच्या आईच्या वेळी दुसरा, म्हणून दोन्हींची तुलना अनुभवावरून करता येते.

प्रथम वेळेचे गणित मांडू. समजा, फोन न्यू जर्सीतल्या सोमवारी रात्री आला. त्याच रात्रीचे विमान मिळणे जवळजवळ अशक्य असते. मंगळवारी रात्री नऊला नेवार्कहून थेट मुंबईचे विमान मिळाले, तर सुमारे पंधरा तासांच्या प्रवासानंतर बुधवारी रात्री उशिरा मुंबई येते आणि पुढे पाच-सहा तास गाडीने जाऊन गुरुवारी पहाटे गाव लागते. आजी मंगळवारी पहाटे गेलेली असेल, तर गुरुवार हा तिसरा दिवस होय. म्हणजे सगळे विनाअडथळा जुळले तरी माती मिळत नाही, फार तर रक्षाविसर्जन मिळते. पश्चिम किनाऱ्यावरून किंवा मधे विमान बदलून येणाऱ्याला तेही मिळेल याची खात्री नसते.

अशा वेळी घरचे हमखास विचारतात, ‘तुझ्यासाठी थांबवू का?’ तालुक्याच्या गावी शीतपेटी भाड्याने मिळते, त्यामुळे थांबवणे आज शक्य आहे, परंतु माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. मयत उचलेपर्यंत घरात चूल पेटत नाही, पुष्कळ ठिकाणी भावकीतही पेटत नाही, आणि सत्तरी ओलांडलेले चुलते-आत्या तितका वेळ ओसरीवर उपाशी बसून राहतात. एका नातवाच्या अंत्यदर्शनासाठी दोन दिवस हा भार घरावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

आजोळच्या वेळी मी धावपळ करून तिसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो, आणि बॅग गाडीतच ठेवून थेट नदीवर गेलो. राख गार झाली होती. मामांनी अस्थी वेचून मडक्यात ठेवल्या, रक्षा अलीकडच्या पद्धतीप्रमाणे नदीत न सोडता शेताच्या बांधावर खड्डा घेऊन त्यात घातली आणि वर आंब्याचे रोप लावले. आजीला आवडणारे पदार्थ पानावर मांडलेले होते, आणि त्यांच्या शेजारी कोणीतरी तिची मिश्रीची डबी आठवणीने आणून ठेवली होती. तो एक तास मला मिळाला, हे या मार्गाच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र दहा वाजेपर्यंत पुण्या-मुंबईच्या गाड्या परतल्या, कारण सगळ्यांना दहाव्याला पुन्हा यायचे होते, आणि ज्या मावसभावंडांना मी नऊ वर्षांनी पाहत होतो त्यांच्याशी माझे बोलणे गाडीच्या काचेतून झाले. पुढचे चार दिवस घरात मामा, मामी आणि मी एवढेच होतो. सातव्या दिवशी मला निघावे लागले.

ते चार दिवस वाया गेले असे मात्र मी म्हणणार नाही. शेजारून येणारे पिठले-भात, आजी गेली त्या जागी परातीतल्या पिठाशेजारी तेवणारा दिवा, आणि रात्री त्या दिव्यात तेल घालायला उठणारे मामा, एवढाच त्या घराचा दिनक्रम होता, आणि त्यात मी त्यांना जितके जवळून पाहिले तितके त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. ज्याला एकट्या पडलेल्या आईजवळ किंवा मामांजवळ बसायचे आहे, त्याने लगेच निघावे. ज्याला सगळा गोतावळा भेटावा असे वाटते, त्याने थांबावे.

वडिलांच्या आईच्या वेळी मी नवव्या दिवशी उतरलो. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडदान झाले, कावळा पिंडाला शिवेपर्यंत दीडशे माणसे उन्हात उभी होती, आणि त्या खोळंब्यातच मला ओळखू न येणारे निम्मे नातेवाईक भेटले. त्यानंतर तेराव्याच्या गोड जेवणापर्यंत कोणी हलले नाही. तेराव्याच्या दुपारी आत्यांनी आजीची ट्रंक उघडून लुगडी वाटली. विटलेली चार लुगडी कोणीच मागितली नाहीत, तेव्हा धाकट्या आत्याने त्यांची वाकळ शिवायला घेतली आणि आम्ही नातवंडे रात्री उशिरापर्यंत तिला सुईत दोरा ओवून देत बसलो. मात्र आजीचे तोंड, अस्थी, राख, काहीही मी पाहिले नाही, आणि ती रुखरुख अजून आहे.

खर्चाच्या बाजूने दुसरा मार्ग सरस ठरतो. माझे ऐनवेळचे तिकीट आठवडाभर आधी काढलेल्या तिकिटाच्या जवळजवळ दुप्पट पडले होते. रजेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मृत्यूनंतरच्या शोकरजेचा सर्वांना लागू होणारा केंद्रीय कायदा नाही. अनेक कंपन्या आपणहून जेमतेम तीन दिवस देतात, आणि त्यात आजी-आजोबा बसतात की नाही हे आधी वाचून घ्यावे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून आजी-आजोबांसाठीही पाच दिवसांपर्यंत रजेचा हक्क आहे. ती पगारी असेलच असे नाही, पण सलग घ्यावी लागत नाही आणि मृत्यूपासून तीन महिन्यांत संपवायची असते, म्हणजे ती दहाव्यासाठी राखून ठेवता येते. पुराव्यासाठी ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्याची वाट न पाहता डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा फोटो मागवून ठेवावा.

कागदपत्रांपुढे मात्र भावनेचे काही चालत नाही. अमेरिकी पासपोर्ट असून ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाविना भारतात येऊ देणारे कार्ड) नसेल, तर ई-व्हिसाला किंवा वाणिज्य दूतावासातून मिळणाऱ्या तातडीच्या व्हिसाला वेळ जातो आणि पहिला मार्ग बहुतेक आपोआप बाद होतो. भारतीय पासपोर्टवर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाने राहणाऱ्याचा प्रश्न परतीचा असतो: पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर भारतातल्या अमेरिकी वकिलातीत तो नव्याने घ्यावा लागतो, आणि २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीविना तो मिळण्याची सोय बहुतेकांसाठी बंद झाली आहे. ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात प्रलंबित असेल, तर एच-वन किंवा एल-वन (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर नसलेल्याने प्रवासाची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय देश सोडू नये, कारण तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. तातडीची परवानगी मागता येते, पण त्यासाठी लागणारे दिवस दहाव्याच्या हिशेबातच बसू शकतात. यांपैकी काही अडत असेल तर वर्षश्राद्धाला जावे. त्या वेळी माणसे कमी येतात, पण घाई नसते.

वडील हयात नसतील आणि नातूच कर्ता असेल, तर विचार थोडा बदलतो. अग्नी चुलता किंवा भावकीतला कोणी देतो, त्यासाठी अडून राहू नये. दशक्रियेला मात्र त्याने असावे अशी घरच्यांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. अशा नातवाला आजीच्या जमिनीत वारसहक्कही असू शकतो, आणि वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असल्याने तो विषय तेराव्याच्या संध्याकाळी निघतोच. हक्कसोडपत्राचा कागद कोणी त्याच बैठकीत पुढे केला, तर तो वाचायला दोन दिवस मागून घ्यावेत. त्यात अपमान कोणाचाच नाही.

मातीला जायचे नाही असे ठरवले, तर ते पहिल्याच फोनवर सांगावे, कारण तिकडे आपला होकार-नकार कळेपर्यंत कोणीतरी शीतपेटीवाल्याला थोपवून धरलेले असते. मी दुसऱ्या वेळी धाकट्या काकांना एवढेच म्हणालो, ‘काका, माझ्यासाठी थांबू नका, मी दहाव्याला येतो.’ काका क्षणभर गप्प राहिले आणि मग मागे वळून कोणाला तरी म्हणाले, ‘उचला.’