मुळाशी स्युडोमोनास की पानावर बीटी?

कोबी-टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये तयार आहेत, लागवड आठवड्यावर आलीय, आणि कृषी सेवा केंद्रात दोन पुडे समोर ठेवलेत. एक स्युडोमोनास फ्लुरोसन्सचा, दुसरा बीटीचा, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा. दोन्ही जिवाणू, दोन्ही मातीत सापडणारे, दोन्हींवर ‘जैविक’ लिहिलेलं. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं वापरलं जातं आणि महिन्याभराने ऐकू येतं, ‘जैविकला रिझल्ट नाही.’ मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा जिवाणू चांगला असतो, त्याला दिलेलं काम चुकीचं असतं.

आधी बीटी. नाव घेतलं की कपाशी आठवते, पण इथे बियाण्यात जनुक घातलेली बीटी नव्हे, फवारायची पावडर. 1901 साली जपानमध्ये इशिवाता यांना मरणाऱ्या रेशीम अळ्यांमध्ये हा जिवाणू सापडला. पुढे 1911 मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया भागातल्या पिठातल्या अळीवरून बर्लिनर यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून नाव थुरिंजिएन्सिस. रेशमाची ही गोष्ट आजही कामाची आहे. शेजाऱ्याकडे तुती असेल तर तिकडे फवारा उडू देऊ नका, त्याच्या रेशीम अळ्याही मरतील.

बीटी पोटात जावी लागते. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात तिच्या प्रथिनाचा स्फटिक विरघळतो आणि आतड्याच्या भिंतीला भोकं पडतात. काही तासांत खाणं थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोबीचं पान उलटून नीट बघा. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी एरवी काडीने डिवचली की झपाट्याने वळवळते आणि धाग्याला लोंबकळते. बीटी खाल्लेली अळी तशीच पडून राहते. ती जिवंत दिसते म्हणून घाबरून लगेच रासायनिक औषध मारलं, तर बीटीचे पैसे वाया गेले.

उन्हात बीटी लवकर निकामी होते, तेव्हा फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालून, आणि अळ्या लहान असतानाच करा. वांग्याच्या शेंड्यात किंवा फळात शिरलेल्या अळीपर्यंत ती पोचत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी रस शोषतात, पान चावत नाहीत, त्यांच्यावर या फवाऱ्याचा उपयोग नाही.

स्युडोमोनासची रीतच निराळी. तो किडीला हातही लावत नाही. मुळांवर वस्ती करतो आणि झाडाला आतून सावध करून ठेवतो. मग अळीने पान कुरतडलं की जॅस्मोनिक आम्लाचा (झाडाच्या बचावाच्या संप्रेरकाचा) इशारा झाडात लवकर आणि जोरात फिरतो, अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात, तिची वाढ मंदावते. अळ्या पटापट मेलेल्या मात्र दिसत नाहीत.

मुळाशी असलेला जिवाणू वरच्या किडीपर्यंत कसा पोचतो, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण काकडीचं आहे. आपण काकडीचं टोक कापून घासतो ते कडवटपणा काढायला. तो कडवटपणा कुकुर्बिटॅसिनचा. अमेरिकेतल्या काकडी-भुंग्यांना नेमकी तीच चव हवी असते. 1990च्या दशकात अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात मुळांशी उपयुक्त जिवाणू दिलेल्या रोपांत कुकुर्बिटॅसिन कमी भरलं, भुंग्यांनी ती रोपं कमी खाल्ली, आणि भुंग्यांमार्फत पसरणारा मर रोगही कमी झाला.

पण रस शोषणाऱ्या किडींबाबत स्युडोमोनासवर भिस्त ठेवू नका. टोमॅटोत बॅसिलस सब्टिलिस या दुसऱ्या मूळ-जिवाणूमुळे पांढऱ्या माशीच्या पिलांची वाढ मंदावलेली दिसली आहे. उलट मोहरीच्या कुळातल्या एका रोपावर, स्युडोमोनास मुळाशी असताना मावा अधिक चांगला वाढल्याचंही प्रयोगात आढळलंय. माव्याचा त्रास दरवर्षीचा असेल तर पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्काची तयारी वेगळी ठेवावीच लागेल.

माझा सल्ला वेळेवरून ठरतो. रोपं अजून ट्रेमध्ये असतील तर स्युडोमोनास आत्ताच घ्या, कारण पिकावर कीड आल्यावर त्याचा उपयोग फार थोडा. बियाण्याला किलोला 10 ग्रॅम, आणि लागवडीला एकरी साधारण 1 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून. पानावर बारीक अळ्या दिसू लागल्या असतील तर बीटी, लेबलवरच्या मात्रेने. कोबी-फ्लॉवरला दोन्ही लागतील, हे मी ठामपणे सांगेन. फक्त बीटीच सारखी मारू नका. 1990 मध्येच हवाईत चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने बीटीला दाद देणं सोडल्याची नोंद झाली. अधूनमधून स्पिनोसॅड हे कीटकनाशक घेता येतं, तेही मातीतल्या जिवाणूपासूनच बनतं, पण फवारा ओला असताना मधमाश्यांना घातक असतं.

एक चूक मी स्वतः केली आहे. स्युडोमोनासच्या आळवणीनंतर (मुळाशी द्रावण ओतल्यावर) चारच दिवसांनी, मर येईल या भीतीने त्याच वाफ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक ओतलं. तांबं आणि स्ट्रेप्टोसायक्लिनसारखं प्रतिजैविक या जिवाणूंना मारतं. त्या वाफ्यात पुन्हा सगळी आळवणी करावी लागली. पुडा घेताना उत्पादनाची तारीख बघा, प्रति ग्रॅम किमान 10 कोटी जिवाणू लिहिलेत का ते बघा, आणि दुकानात तो उन्हाच्या काचेमागे ठेवला असेल तर आतल्या सावलीतला मागून घ्या.